कोरडी लाकडं

कोंडीरामनं लष्कराच्या लिलावात मोडकी अँब्युलन्स घेतली, तेव्हा केडगावातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. तीस वर्षं लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात हात काळे करून माणूस निवृत्त झाला, की त्यानं पारावर बसावं, नातवंडं खेळवावीत. कोंडीरामला नातवंडं नव्हती आणि आता होणारही नव्हती, हे बोलणाऱ्यांना ठाऊक होतं. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

आठ महिने तो त्या गाडीला चिकटला होता. इंजिन उतरवलं, धुतलं, परत चढवलं. आत दोन बाजूंना दोन फळ्यांच्या बाजा केल्या, रॉकेलच्या स्टोव्हला लोखंडी चौकट केली, पाण्याचं पिंप बांधलं, भांड्यांना आकडे लावले. मागचे पत्र्याचे दरवाजे गंजून गेले होते. तिथं त्यानं एक रुंद सागवानी दार बसवलं. त्या फळ्या पोराच्या, सहादेवच्या लग्नातल्या पलंगासाठी घेऊन ठेवलेल्या होत्या. तो रंधा मारताना त्याच्या बायकोनं, भागिरथीनं त्या ओळखल्या आणि ती खाली पडलेला भुसा गोळा करू लागली. गाडीवरच्या लाल फुलीवर कोंडीरामनं राखाडी रंगाचे तीन हात मारले, तरी उन्हात ती खालून दिसायचीच.

कुणी विचारलं तर म्हणायचा, "भाड्यानं देईन." भाड्याच्या गाडीत कुणी चूल बसवतं का? पण तोंडावर कोण बोलणार, माणसाच्या नाकावर राग होता.

सहादेव त्याचा एकुलता एक मुलगा. अकोले तालुक्यात पार घाटमाथ्यावर आंबेदरा नावाची एकोणीस घरांची वाडी आहे, तिथं तो शाळामास्तर होता. मागच्या आषाढात तापानं गेला. राजूरच्या पोस्टाचा शिक्का असलेलं पत्र केडगावला पोचलं ते अठरा दिवसांनी, तेही परक्या अक्षरात आणि तीन ओळींचं. मास्तर तापाने वारले. ओढ्याला पाणी असल्यामुळे दवाखान्यात नेता आले नाही. अंत्यविधी येथेच केला.

बस्स. बापानं तोंड पाहिलं नाही, आईनं पाणी पाजलं नाही, कुणाच्या खांद्यावरून गेला तेही कळलं नाही. कोंडीरामनं त्या वाडीचं नाव टाकलं. तिकडची माणसं म्हणजे जंगली, त्यांना काय रीतभात, कुठंतरी खड्ड्यात ढकललं असेल पोराला, असं तो मनात घोकत राहिला. त्याला हे घोकणं सोयीचं होतं. कारण त्याच्या आदल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर सहादेव म्हणाला होता, "दादा, तिथं चार महिने ऊन दिसत नाही. तुमची ओळख आहे, बदलीचं बघता का?" आणि कोंडीराम म्हणाला होता, "मी तीस वर्षांत कधी ड्यूटी बदलून मागितली न्हाई. तिथल्या पोरांना काय मास्तर नको?" भागिरथी समोरच करंज्या वाढत होती. पोरगा खाली मान घालून जेवला आणि दिवाळी उरकून परत गेला. कोंडीरामचं बोलणं बरोबरच होतं, म्हणून तर ते आता मनातून काढून टाकता येत नव्हतं.

एकोणीसशे एकाहत्तरच्या आषाढात एका सकाळी भागिरथीनं गाठोडं बांधलं, तांदूळ, तीळ, दर्भ घेतले आणि ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"पंचमीला वरीस हुतंय. श्राद्ध तिथंच घालायचं. चला."

"अगं, पावसाळ्यात तिकडं यष्टीसुदीक जात न्हाई."

"मग तुमी ही गाडी कशापायी केली?"

कोंडीराम बॉनेट उघडून इंजिनातलं तेल बघू लागला. आपल्या पोटातलं कुणाला दिसत नाही, असं त्याला आठ महिने वाटत होतं. त्याला एवढंच पाहायचं होतं, की भर पावसात गाडी आंबेदऱ्याला पोचू शकते का. पोचू शकत नसेल, तर पोराच्या नशिबाला बोल लावून मोकळं होता येईल. पोचत असेल तर काय, याचा विचार तो करत नव्हता.

नगर सोडलं, राहुरी गेली, लोणी गेलं, संगमनेर आलं तरी मागं धुरळाच उडत होता. देशावर त्या साली पाऊस रुसलेलाच होता. शेवगावला भागिरथीच्या माहेरी तर अजून पेरणी खोळंबली होती. अकोल्याच्या पुढं आभाळ खाली आलं आणि राजूरपासून पावसानं गाडी धरली ती सोडलीच नाही. काचेवरचा पाणी पुसायचा हात मोटारीवर चालत नव्हता, आतून दांडी धरून फिरवायला लागायचा. ते काम भागिरथीनं घेतलं. दांडी इकडून तिकडं, तिकडून इकडं. बायकोला असल्या कामाचा कंटाळा कसा येत नाही, याचं कोंडीरामला नवल वाटलं.

राजूरच्या पुढं ती घराघराच्या वळचणीला बघू लागली. मग हळूच म्हणाली, "अवो, हितं तर सगळंच वलं हाय. पोराला कोरडी लाकडं मिळाली असत्याल का?"

कोंडीरामनं खड्डा चुकवायला गाडी वळवली.

शेंडी गावाला, धरणाच्या अलीकडं त्यांनी मुक्काम केला. भागिरथीनं स्टोव्हवर पिठलं केलं, सागवानी दार लावून घेतलं, तर आत थेंब आला नाही. कोंडीरामला आपल्या कामाचा अभिमान वाटला आणि लगेच लाजही वाटली. सकाळी दोन बायका पोरं काखोटीला मारून आल्या. त्यांना ती पुसट फुली दिसली होती. औषध द्या म्हणाल्या. भागिरथीनं काय करावं? सुंठ, गवती चहा आणि गूळ घालून पातेलंभर काढा उकळला आणि दोघींना पाजला. "दवाखाना न्हाई बायांनो, नुसतंच घर हाय," असं चारदा सांगूनही त्या पाया पडून गेल्या. गाडी सुरू झाल्यावर तिनं परत तेच विचारलं. "कोरडी मिळाली असत्याल का हो?" तो म्हणाला, "मला काय ठावं!" आणि गिअर असा टाकला की गाडी कण्हली.

धरणाच्या पलीकडं मात्र कोंडीरामचं जग संपलं. देशावरच्या माणसाला झाड म्हणजे बाभळ नाहीतर लिंब. इथं झाडांना शेंडाच दिसत नव्हता. बुंध्यांवर हातभर हिरवं शेवाळ, फांद्यांतून फांद्या, वेलींतून वेली, आणि सगळ्यातून ढग असा चाललेला, जणू त्याचीच वहिवाट आहे आणि गाडीच मध्ये आली आहे. कड्यांवरून पाणी पडत होतं, पण दिसत नव्हतं; नुसता आवाज यायचा आणि मग गाडीच्या टपावर तडतड सडा पडायचा. शेतांत माणसं वाकून भाताची लावणी करत होती. पाठीवर पानांची इरली घेतलेली ती माणसं गाडी पाहून उभी राहायची, बघायची आणि परत वाकायची. असल्या मुलखात आपलं पोरगं दोन पावसाळे एकटं राहिलं, हे कोंडीरामला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पत्रातून कळलं नव्हतं.

दुपारी शेवटचा उतार आला. खाली ओढा लाल पाण्यानं फुगला होता. पलीकडं टेकाडावर वाडी आणि वाडीच्या अलीकडं पत्र्याची एक खोली. त्यावर शाळेची पाटी होती. ढग जरा हलला तेव्हा दिसलं, शाळेला दारच नव्हतं. चौकटीत पोत्याचा पडदा लोंबत होता आणि त्यातून एक म्हैस डोकं बाहेर काढून पाऊस बघत होती.

"बघ," कोंडीराम म्हणाला. "शाळेचं दारसुदीक जाळून खाल्लं लोकांनी. हे काय माझ्या पोराला लाकडं देत्याल?"

बोलण्याच्या नादात चाक घसरलं आणि गाडी उजवीकडं चिखलात बसली ती बसलीच. त्यानं मागं घेतली, पुढं घेतली. चाक नुसतं फिरत होतं. मनातून त्याला बरं वाटलं असेल का? वाटलं. नाही पोचत गाडी, असं मन म्हणालंसुद्धा. पण तीस वर्षांचे मेकॅनिकचे हात असं ऐकत नाहीत. तो उतरला आणि चाकाखाली घालायला काहीतरी शोधू लागला.

वाटेच्या डाव्या हाताला एक रान होतं. आजूबाजूचा उतार सगळा बोडका आणि हे बिघा-दोन बिघ्यांचं रान मात्र एवढं गच्च, की आत शिरल्यावर पाऊस अंगावर यायचा थांबला. खाली दगडाच्या कपारीला हिरड्याची एक भलीमोठी वठलेली फांदी पडली होती. देशावर पडलेली काडी दिसली की माणसाचा हात आपोआप खाली जातो. जमिनीवर पडलेलं लाकूड कुणाच्या मालकीचं असतं, हे तिकडं कुणाला ठाऊकच नाही. कोंडीरामनं फांदी ओढत आणली, चाकाखाली सारली आणि इंजिनाचा कान पिळला. गाडी वीतभर वर आली, फांदीचं एक टोक कडाडलं, आणि त्याच वेळी वरून आरोळी आली.

"ए बाबा! काय केलंस हे!"

ओढ्याच्या अलीकडं लावणीला आलेली आणि पाण्यानं इकडंच अडकलेली सात-आठ माणसं चिखल तुडवत धावत आली. पुढं एक म्हातारा होता, काटक, डोक्यावर घोंगडीची खोळ. त्यानं फांदीला हात लावला आणि पोर पडल्यावर बघावं तशी ती उलटसुलट पाहिली. त्याच्या दोन्ही तळव्यांवर भाजल्याचे पांढरे वण होते.

"वाघोबाचं रान हाय हे," तो म्हणाला. "ह्यातली काडी कुणी भाईर काढत न्हाई. बाळंतिणीच्या शेकाला न्हेत न्हाई आमी. तू कोण, कुठला?"

कोंडीराम काही बोलायच्या आत भागिरथी गाडीतून म्हणाली, "आमी सहादेव मास्तरचे आईबाप."

दोघांनी डोक्यावरची इरली उतरवली. म्हाताऱ्यानं खोळ मागं सारली आणि भर पावसात हात जोडले. "मी भीमा," तो म्हणाला. "मास्तर आमच्या पडवीत राहायचं." मग फांदीवर हात ठेवून तो म्हणाला, "पर फांदी मागारी ठिवावी लागंल, बाबा. कुणीबी असलं तरी."

झालं! वर्षभर दाबून ठेवलेलं कोंडीरामच्या तोंडून फुटलं. "एक वाळकी फांदी! ह्या रानातली चार लाकडं माझ्या पोराला जाळायला तरी दिली का रं तुमी?"

"न्हाई दिली," भीमा म्हणाला.

भागिरथी दार उघडून चिखलात उतरली. लुगडं घोट्यापर्यंत बुडालं. ती भीमाच्या समोर येऊन उभी राहिली आणि वाटभर नवऱ्याला विचारलेलं तिनं आता त्याला विचारलं. "मग कशानं जाळलं माझ्या लेकाला? का जाळलंच न्हाई?"

भीमा खाली बघत होता. सांगावं की नाही, असं त्याला झालं होतं. केलेलं बोलून दाखवायची त्या माणसांत रीत नाही. शेवटी घोळक्यातून त्याची बायको मनकर्णा पुढं आली. तिनं भागिरथीच्या डोक्यावर आपलं इरलं धरलं आणि तीच बोलू लागली.

"आई, पावसाळ्यात आमी आमच्या मान्साला मातीच देतो. लाकूड कुठनं आणायचं? पर मास्तर एकदा बोलला हुता, आमच्याकडं अग्नी देत्यात म्हनून. मग मानसं म्हनली, दुसऱ्याचं लेकरू हाय, त्याच्या रीतीनंच झालं पायजे. वाघोबाला कौल लावला, देवानं दिला न्हाई. मग घरोघरची माळ्यावरची लाकडं काढली. उन्हाळ्यात रचून ठिवलेली, चार म्हयन्याची. एकोनीस उंबऱ्यांनी दिली. तरी वरून कमी पडत हुती. मग शाळेचं दार काढलं."

"दार?" कोंडीराम म्हणाला.

"मीच बोलले, त्याचंच दार हाय, त्याच्यासंगं जाऊ द्या. पाऊस काय थांबंना. मग शाळंचे दोन पत्रे काढून चौघांनी वर धरले, आग धरंपत्तुर." तिनं भीमाच्या हाताकडं पाहिलं, पुढं काही सांगितलं नाही.

"आन् मग तुमच्या चुली?" भागिरथीनं विचारलं. बाईचं लक्ष बाईच्याच गोष्टीकडं जातं.

"भादव्यापत्तुर दिसातनं एकडाव पेटायच्या. नाचनीचं पीठ पान्यात कालवून प्यायचं. चालतं की. पोरं जरा रडायची."

ओढा गरजत होता. कोंडीराम वाकला, त्यानं चाकाखालची फांदी दोन्ही हातांनी उपसून काढली आणि उचलून खांद्यावर घेतली. ती एकट्याला पेलत नव्हती. भीमानं पुढचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. दोघं म्हातारे पाय रोवत, एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवत रानात निघाले आणि मागून ती सगळी माणसं, न सांगता, रांगेनं चालू लागली. कोंडीरामच्या खांद्यातून कळ निघत होती. त्यानं खांदा बदलला नाही. आपण काय वाहून नेतोय हे त्याला चांगलं कळत होतं, आणि त्याला रडू आवरलं नाही. ज्या कपारीतून फांदी काढली होती, तिथंच त्यांनी ती ठेवली.

परतताना भीमानं ओढ्याच्या पलीकडच्या काठावर एक जागा दाखवली. "बाजेवर घालून तितवर आनलं हुतं त्याला. रातभर पानी उतरायची वाट बघितली. तांबडं फुटताना गेला."

कोंडीरामनं गाडीकडं बोट केलं. "ही गाडी तवा असती तर?"

भीमानं गाडीकडं पाहिलं, ओढ्याकडं पाहिलं. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं नाही. "हितवर आली असती," तो म्हणाला. "ओढा काय तिच्यासाठी उतरला नसता, बाबा."

वाडीच्या माणसांनी ती रात्र अलीकडच्या शेतातल्या खोपीत काढली, या दोघांनी गाडीत. दुसऱ्या दिवशी, पंचमीला, पाणी गुडघ्यावर उतरलं. दोराला धरून दोघं पलीकडं गेली. शाळेच्या मागं उंचवट्यावर, अग्नी दिला होता तिथं, काळा दगड रोवलेला होता. तिथं भीमानं आपलं घोंगडं चार काठ्यांवर ताणून धरलं आणि त्याखाली भागिरथीनं पिंड मांडले. मंत्र म्हणायला कुणी नव्हतं. कोंडीरामनं तीळ-पाणी सोडलं आणि मुलाचं नाव मोठ्यानं घेतलं. वर्षात पहिल्यांदा घेतलं. मग मनकर्णेनं त्यांना शाळा दाखवली. म्हशीला बाहेर हाकललं. फळा होता, त्यावरची अक्षरं कधीच ओलीनं गेली होती. नवा मास्तर गणपतीनंतर येणार होता.

"दार का न्हाई करून घेतलं?" कोंडीरामनं विचारलं.

"सरकारला कळवलं तर इचारत्याल, जुनं कुठं गेलं म्हनून," भीमा म्हणाला. "मग काय सांगायचं? म्हनून गप ऱ्हायलो."

कोंडीराम ओढा उतरून गाडीकडं गेला. तासाभरानं तो आला तेव्हा त्याच्या डोक्यावर सागवानी दार होतं आणि कमरेला पान्हे खोचलेले होते. अर्ध्या पाण्यातून दोन गड्यांनी दार हातोहात घेतलं.

मनकर्णा घाबरली. "अगं बया, गाडीला दार नको का?"

"गाडीत आता कुणाला निजवायचं हाय?" कोंडीराम म्हणाला.

दार चौकटीला रुंदीत बसलं, उंचीत वीतभर कमी पडलं. वर फट राहिली. कोंडीरामला असलं अर्धवट काम खपत नसे. तो बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिला, मग बिजागरीचे स्क्रू आणखी एकेक वेढा आवळून खाली उतरला. भागिरथीनं दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. त्या फळ्यांवरून तिनं एकदा हात फिरवला. सहादेवच्या पलंगाच्या फळ्या होत्या त्या.

वाडीतल्या माणसांनी दोर लावून गाडी चिखलातून वर काढली. निघताना मनकर्णेनं भागिरथीच्या ओटीत दोन मुठी नाचणी घातली.

मागं दार नसलेली ती गाडी ढगातून वर चढू लागली. पाऊस मागून सरळ आत येत होता. बाजा भिजल्या, स्टोव्ह भिजला, अंथरुणं तर गेलीच. भागिरथी दांडी फिरवत होती. शेवटच्या वळणावर शाळेचा पत्रा दिसेनासा झाला, तेव्हा ती म्हणाली, "कोरडी हुती लाकडं."

कोंडीरामनं गाडी वाटेच्या कडेला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हमसून हमसून रडला. "मी बदली करून दिली असती तर गं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. भागिरथीनं त्याच्या पाठीवर एक हात ठेवला. तो चुकला नव्हता असं ती म्हणाली नाही, आणि चुकला होता असंही म्हणाली नाही. दुसऱ्या हातानं ती काच पुसत राहिली.